अंथरूण ओलं होतं : मूल मोठं होण्याची वाट पाहायची की उपचार करायचे?

रानजाई
माझ्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा आहे. आजोळी मुक्कामाला जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखायला लागतं, कारण रात्री अंथरूण ओलं होतं. घरात सगळे म्हणतात, "मोठा झाला की जाईल." माझं मत वेगळं आहे. सात वर्षं उलटल्यावर नुसती वाट पाहत बसू नये. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक येतं. काही मुलांत ते रात्री पुरेसं वाढत नाही. काहींच्या मूत्राशयात वयाच्या मानाने कमी लघवी मावते. त्यात मूत्राशय भरलं तरी झोप मोडत नाही. यात पोराचा आळस कुठे आला? तरी गादी वाळत घालताना शेजाऱ्यांदेखत त्याला बोलतात, त्याचा मला संताप येतो.

कृष्णाकाठ
रागावू नये, हे शंभर टक्के मान्य. पण औषधाची घाई कशाला? पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी ५ टक्क्यांच्या आसपास उरतात. काहीही न करता दरवर्षी साधारण १५ टक्के मुलं बरी होतात. आमच्याकडे तर हे घराण्यातच आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते, दोघांना असेल तर ७५ च्याही पुढे. माझा, माझ्या काकांचा त्रास आपोआप गेला. रात्री एकदा उठवून बाथरूमला न्यावं, तिळगूळ द्यावा, बस.

रानजाई
कृष्णाकाठ, दरवर्षी १५ बरे होतात म्हणजे ८५ होत नाहीत. आणि रोज रात्री अंथरूण ओलं होणाऱ्या मुलाचा त्रास आपोआप जाण्याची शक्यता कधीमधी होणाऱ्यापेक्षा कमी असते.

ओपीडीतली ताई
बालरोग विभागात परिचारिका आहे म्हणून लिहिते. अर्धवट झोपेतल्या मुलाला उचलून नेल्याने त्या रात्रीची गादी वाचते, सवय लागत नाही. तिळगुळाने त्रास थांबतो याला आधार नाही. कुठल्याही उपचाराआधी पोट पाहा! शौचाला खडा होत असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, आणि आई-वडिलांना अनेकदा त्याचा पत्ताच नसतो. मुलं शाळेतल्या घाण स्वच्छतागृहात जायला नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, घरी येऊन संध्याकाळी तांब्याभर पितात. पाणी दिवसा प्यायला लावा, झोपण्यापूर्वी लघवीला पाठवा.

एवढ्याने भागलं नाही तर अलार्म. चड्डीला सेन्सर लावतात, ओल लागली की वाजतो. दोन-तीन महिने चिकाटीने वापरला तर साधारण तीनातल्या दोन मुलांना गुण येतो. डेस्मोप्रेसिनच्या गोळीने लघवी कमी होते, सहलीसाठी ती फार उपयोगी. पण बंद केली की त्रास बहुधा परततो. गोळी डॉक्टरांनी दिली तरच, आणि घेण्याआधी तासभर ते नंतर आठ तास पाणी अगदी घोटभर. नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात.

मूल सहा महिने किंवा जास्त कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. सोबत खूप तहान, वजन घटणं असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. लघवीतला जंतुसंसर्गही पाहावा लागतो. कधी घरातली भांडणं, धाकट्या भावंडाचा जन्म, हेही कारण असतं.

तिसरा मजला
मी एकतीस वर्षांचा आहे आणि मला अजून हा त्रास आहे. शंभरात एखाद्या मोठ्या माणसाला असतो. "मोठा झाला की जाईल" हे मी पंधराव्या वर्षापर्यंत ऐकलं, मग लोकांनी विषयच काढणं सोडलं. हॉस्टेल नाकारलं, रात्रीची एसटी टाळली, लग्नाची बोलणी पुढे जाऊ दिली नाहीत. कृष्णाकाठ, तुमचा त्रास गेला याचा आनंद आहे, पण जे राहतात ते सांगत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. ज्यांना मोठेपणी नव्याने सुरू होतं त्यांनी तर लपवूच नये : मधुमेह, प्रोस्टेट, मज्जातंतूंचे विकार, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणं, कारण काहीही निघू शकतं.

कृष्णाकाठ
तिसरा मजला, तुमचं वाचून उठवणं-तिळगूळ यावर मी अडून बसणार नाही. सात वर्षांच्या आत औषध नको, हे मात्र अजूनही म्हणतो. आणि अलार्मचं सांगा : आमच्या एका खोलीत पाच जण झोपतात. तो वाजला की पोरगा सोडून सगळे जागे होणार.

ओपीडीतली ताई
होतातच. सुरुवातीला मुलाला ऐकूच येत नाही, मोठ्यांनीच उठून त्याला पूर्ण जागं करायचं असतं. अशा घरात गोळीचा विचार आधी करतात, त्यात काही कमीपणा नाही. अलार्मच निवडलात तर उठायची पाळी वडिलांनीही घ्यावी. बहुतेक घरांत ती एकट्या आईवर पडते आणि दोन आठवड्यांत अलार्म कपाटात जातो.