लिंडेबाईंनी ते पत्र पेटीतच राहू दिलं. बरोबर की चूक?

रंगपीठ

नॉर्वेच्या इब्सेनच्या 'ए डॉल्स हाउस' या नाटकावर (१८७९) बोलायला बसलं की सगळी चर्चा नायिका नोरा घर सोडते त्या शेवटावर जाते. मला त्याआधीच्या एका निर्णयाबद्दल बोलायचं आहे. नाटकात तो पान-दीड पानात उरकतो, पण तो झाला नसता तर नोरा गेलीच नसती.

नाटक वाचून बरेच दिवस झाले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा आजारी असताना त्याला इटलीला न्यायला नोराने १२०० स्पेसीडालर, म्हणजे ४८०० क्रोनर, कर्ज काढलं. काढलं क्रोगस्टाड नावाच्या वकिलाकडून. जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती, ती तिने स्वतःच केली. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख पडली २ ऑक्टोबर. आता नवरा हेल्मर बँकेचा मॅनेजर होतोय आणि क्रोगस्टाडला नोकरीवरून काढतोय. क्रोगस्टाड सगळं लिहून पत्र हेल्मरच्या पेटीत टाकतो. पेटीची किल्ली फक्त हेल्मरकडे.

तिसऱ्या अंकात नोराची शाळेतली मैत्रीण क्रिस्टीने लिंडे आणि क्रोगस्टाड भेटतात. कधीकाळी यांचं जमलेलं होतं. दोघं पुन्हा एकत्र यायचं ठरवतात आणि क्रोगस्टाड आपणहून म्हणतो की मी पत्र परत मागून घेतो. लिंडेबाई त्याला थांबवतात. हेल्मरला सगळं कळलंच पाहिजे, या दोघांमधली लपवाछपवी संपलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत असं की हा निर्णय पात्राचा नाही, नाटककाराचा आहे. क्रिस्टीने हे पात्र फ्रेंच वेलमेड प्लेच्या, म्हणजे गुपितं-पत्रांवर कसून बांधलेल्या नाटकाच्या, साच्यातून आलंय. नायिकेची विश्वासातली बाई, जिच्याजवळ नायिका मन मोकळं करते म्हणजे प्रेक्षकाला मागची हकिकत कळते. १८५१ ते १८५७ इब्सेन बर्गेनच्या नाट्यगृहात काम करत होता, या साच्याचा फ्रेंच नाटककार स्क्रीब, त्याची कितीतरी नाटकं इब्सेनच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. या साच्यात ऐन वेळी पत्र परत मिळतं आणि सगळं सुरळीत होतं. इब्सेनला तो शेवट नको होता, म्हणून त्याने क्रिस्टीनेला मध्ये उभं केलं. नाटकासाठी उत्तम, पण मैत्रीण म्हणून हे वागणं मला पटत नाही.

अनुबंध

साचा मान्य, पण तुमचा निष्कर्ष नाही. विश्वासातल्या बाईला स्वतःचं आयुष्य नसतं. क्रिस्टीनेला ते पुरेपूर आहे. आजारी आई आणि दोन धाकटे भाऊ यांच्यासाठी तिने क्रोगस्टाडला सोडून पैसेवाल्याशी लग्न केलं. तो मेला तेव्हा मागे काही उरलं नव्हतं. मग छोटं दुकान, छोटी शाळा, जमेल ते काम. खोटेपणावर उभ्या संसाराची किंमत या नाटकात सगळ्यात आधी तिने मोजली आहे. ती क्रोगस्टाडला सांगते की दुसऱ्यांसाठी एकदा स्वतःला विकलेली बाई पुन्हा तसं करत नाही. हे एक वाक्य तिला साच्याबाहेर काढायला पुरेसं आहे.

शिवाय तिने मत एका झटक्यात बदललेलं नाही. क्रोगस्टाड विचारतो, मला त्यासाठीच बोलावलं होतंस ना? ती कबूल करते की पहिल्या घाबरगुंडीत हो, पण मधे एक दिवस गेला आणि या घरात मी विश्वास बसणार नाही अशा गोष्टी पाहिल्या. त्या कुठल्या, हे संहितेत शोधावं लागतं, आणि सापडतं. नवरा दाराशी आला की नोराचा आवाज बदलतो. बदामी बिस्किटं लपवून खाते. पेटीकडे डोळे लावून बसते. तारांतेला हा इटालियन नाच नाचताना केस सुटून खांद्यावर येतात, हेल्मर म्हणतो तू जिवावर उदार झाल्यासारखी नाचतेस, आणि ती म्हणते, तसंच आहे. क्रिस्टीने तेव्हा दारात उभी असते.

तिसरी घंटा

यावर दिग्दर्शनाच्या अंगाने बोलतो, कारण 'क्रिस्टीनेचा निर्णय पटत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा प्रयोगातून जन्मते.

पहिली चूक पहिल्या अंकात होते. क्रोगस्टाड प्रथम दारात येतो तेव्हा क्रिस्टीने दचकते आणि खिडकीकडे तोंड फिरवते, अशी स्पष्ट सूचना आहे. तालमीत ती 'किरकोळ' म्हणून विरून जाते, कारण त्या क्षणी सगळे नोरा आणि क्रोगस्टाड यांच्याकडे बघत असतात. ती गेली की तिसऱ्या अंकात दोघांचं जुनं नातं आभाळातून पडल्यासारखं वाटतं. क्रिस्टीने आधीपासून खिडकीच्या बाजूला असली पाहिजे, म्हणजे वळणं लहान असलं तरी दिसतं.

दुसरी चूक तारांतेलात. आधी हेल्मर पियानो वाजवतो, मग नीट शिकवता यावं म्हणून घरोब्याच्या डॉक्टर रँकला बसवतो. बहुतेक ठिकाणी नाच पूर्ण मंच व्यापतो आणि क्रिस्टीने नाचणारीच्या मागे झाकली जाते. तिला दाराच्या चौकटीत, नोराच्या फेऱ्यांबाहेर उभी करा. नाच तिच्या चेहऱ्यावर संपला पाहिजे. इथे ती दिसली नाही तर पुढच्या अंकातलं 'मी पाहिलं' हे नुसतं बोलणं उरतं.

तिसरी चूक आवाजाची. वरच्या मजल्यावर कॉन्सुल स्टेनबोर्गकडे पार्टी चालू आहे, नाचाचं संगीत खाली येतं. लोक ते इतकं मोठं ठेवतात की खालची दोघं ओरडून बोलतात. हा प्रवेश दबक्या आवाजाचा आहे. संगीत सुरुवातीला स्पष्ट, बोलणं सुरू झाल्यावर अगदी खाली, आणि तारांतेला सुरू होतो तेव्हा पुन्हा वर. त्या सुरांवर क्रिस्टीने त्याला घाईने घालवते. तो संकेत वाचला नाही तर तिची घाई कळत नाही.

रंगपीठ

तिसरी घंटा, हे सगळं मान्य. पण चांगला प्रयोग माझा आक्षेप जास्त धारदार करतो. क्रिस्टीने दारात उभी राहून सगळं पाहते हे ठसलं, तर पुढचा प्रश्न येतो की तिने काय ऐकलं.

दुसऱ्या अंकात नोरा तिला साक्षीदार व्हायला सांगते. मला वेड लागलं, किंवा मी इथे नसले, आणि कुणी दोष स्वतःवर घ्यायला निघालं, तर सांग की सगळं मी एकटीने केलं. माणूस जीव द्यायच्या विचारात आहे हे यातून कळत नाही? क्रोगस्टाडला तर नेमकं माहीत आहे. त्याने त्याच अंकात नोराला बर्फाखालच्या काळ्या थंड पाण्याचं नाव घेऊन विचारलंय. म्हणजे तिसऱ्या अंकात दोन माणसं बसली आहेत, दोघांनाही तिच्या मनात काय आहे याचा अंदाज आहे, आणि त्या विषयावर एक शब्द बोलला जात नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नोरा किती तास उरले ते मोजते: मध्यरात्रीपर्यंत ७, पुढे २४, एकूण ३१. अशा बाईच्या घरात पत्र पेटीत ठेवून द्यायचं आणि त्याला सत्य म्हणायचं?

अनुबंध

एक शब्द बोलला जात नाही, हे क्रोगस्टाडशी झालेल्या बोलण्यापुरतं खरं आहे. नोरा आणि हेल्मर वरून परत येतात तेव्हा क्रिस्टीने तिथेच थांबलेली असते. हेल्मर मेणबत्त्या लावायला आत जातो तेवढ्यात ती नोराला सांगते की क्रोगस्टाडकडून तुला काही भीती नाही, पण नवऱ्याला सगळं सांग. कोर्ट, फिर्याद, बदनामी, हा सगळा धोका तिने आधी काढून घेतला. उरलं ते फक्त हेल्मरला कळणं. नवऱ्याला कळल्याने बायको मरावी, असं तिने का गृहीत धरावं?

रंगपीठ

कारण नोराची भीती कोर्टाची नव्हतीच. तिला वाटत होतं की हेल्मर सगळा गुन्हा आपल्या अंगावर घेईल. तोच तिचा 'चमत्कार', आणि तो घडू नये म्हणून ती मरायला निघाली होती. दुसऱ्या अंकात ती क्रिस्टीनेजवळ याबद्दल बोलते आणि लगेच म्हणते, तुला हे कसं कळणार. क्रिस्टीनेला खरंच कळलेलं नसतं. अर्धी माहिती असताना दुसऱ्याच्या संसाराबद्दल पक्का निर्णय घेणं हीच तिची चूक. पाच वर्षांनी इब्सेनने 'द वाइल्ड डक'मध्ये ग्रेगर्स वेर्ले उभा केला. सत्याचा आग्रह धरत तो दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि चौदा वर्षांची हेडविग गोळी झाडून घेते. ग्रेगर्सचं बीज मला क्रिस्टीनेत दिसतं.

ओसरी

ग्रेगर्सशी तुलना करू नका. तो श्रीमंत बापाचा मुलगा, वर्षानुवर्षं घरापासून दूर राहून आलेला, दुसऱ्यांच्या आयुष्यात आदर्श वसूल करत फिरणारा. त्याचं स्वतःचं काही पणाला लागत नाही. क्रिस्टीने स्वतः सत्याची किंमत चुकवायला तयार आहे. बदनाम माणूस, त्याची आईवेगळी मुलं आणि फाटका संसार ती उघड्या डोळ्यांनी पत्करते.

आणि या जोडीमुळेच क्रोगस्टाड खलनायक राहत नाही. त्याचा गुन्हा नोराच्या गुन्ह्यापेक्षा मोठा नव्हता, हे तो तिला तोंडावर सांगतो. दीड वर्षं त्याने वाकडं पाऊल टाकलेलं नाही. हेल्मरचा राग त्याच्या गुन्ह्यावर कमी आणि जुन्या ओळखीने चारचौघांत 'अरे-तुरे' करण्यावर जास्त. दुसऱ्या अंकात क्रोगस्टाड धमकी वाढवतो, वर्षभरात बँक मीच चालवेन म्हणतो, तेव्हा तो भेसूर वाटला पाहिजे. पण पहिल्याच प्रवेशात भुवया चढवून येणारा क्रोगस्टाड केला तर तिसऱ्या अंकात बदलायला जागा उरत नाही. मुलांचं नाव निघतं तिथे नटाने थांबायला हवं, धमकी त्या काळजीतून आली पाहिजे.

नेपथ्यातून

साच्यांचा विषय निघालाच आहे तर दोन 'बिनकामाच्या' पात्रांबद्दल. प्रयोग आटोपशीर करायला रँक आणि दाई आन-मारी यांच्यावर कात्री चालते. दोन्ही वेळा नाटक लंगडं होतं.

रँक कथानकात काही करत नाही असं वाटतं. पण दुसऱ्या अंकात नोरा त्याच्याकडे पैसे मागायच्या बेतात असते आणि नेमका तेव्हा तो प्रेम कबूल करतो. मग मागणं शक्य होत नाही. हा प्रवेश उडवला की प्रेक्षक विचारतो, बाई दुसरीकडून पैसे का उभे करत नाही? बापाच्या ऐषआरामाची शिक्षा मणक्यात भोगणारा रँक, आईच्या खोटेपणाने मुलं बिघडतात या हेल्मरच्या प्रवचनालाही अंग देतो. जुन्या नाटकांत घरोब्याचा डॉक्टर शहाणपण सांगायला असायचा. रँक स्वतःच मरतोय, त्याच्याकडे सांगायला शहाणपण नाही. काळी फुली असलेलं कार्ड पेटीत टाकून तो निघून जातो.

आन-मारीने नोराला वाढवायला स्वतःची मुलगी परक्यांकडे दिली. नोरा तिला दुसऱ्या अंकात विचारते की तुला हे कसं जमलं. ही चार-सहा वाक्यं कापली तर मुलांना सोडून जाणं शेवटी अचानक वाटतं. जर्मनीत १८८० मध्ये हेडविग निमान-राबे या नटीने मुलांना टाकून जाणारी आई करायला नकार दिला, तेव्हा इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट स्वतः लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. स्वतःच्या नाटकावर केलेला तो अत्याचार आहे, असं त्याचं मत होतं. तो शेवट खोटा का पडतो हे पाहायचं तर आन-मारीचा प्रवेश पुन्हा वाचा. आपण मुलांना विष आहोत हे नोराने तोपर्यंत मनाशी धरलेलं असतं.

(मराठीला हे नाटक परकं नाही. अनंत काणेकरांचं 'घरकुल' १९४१ चं, याच नाटकावरून. त्याआधी १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने आणलेलं 'आंधळ्यांची शाळा'ही नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेलं.)

तिसरी घंटा

रंगपीठ यांना एक विचारतो. समजा पत्र परत घेतलं. क्रोगस्टाडने कर्जरोखाही गुपचूप परत केला. मग? हेल्मर मॅनेजर, नोरा त्याची चिमणी. क्रिस्टीनेचा हात धरला तर नोराचा जीव वाचतो, पण तिला नवरा कोण आहे हे कळत नाही. पत्र वाचल्यावर हेल्मर तिला मुलांजवळ जाऊ देणार नाही म्हणतो, आणि रोखा परत आल्यावर पहिलं वाक्य 'मी वाचलो' असं काढतो. 'आणि मी?' हे तिला विचारावं लागतं. पहिला अंक ते तिसरा अंक, हेल्मर या टाइपबद्दल इब्सेनने जे जमवलं ते या दोन वाक्यांत उघडं होतं. पत्राशिवाय ते झालं नसतं.

रंगपीठ

निष्पत्ती चांगली झाली म्हणून निर्णय योग्य ठरत नाही. नोरा पाण्यात उडी घ्यायला शाल ओढून दाराकडे निघालेली असते आणि त्याच वेळी हेल्मर हातात उघडं पत्र घेऊन बाहेर येतो, म्हणून ती थांबते. वाचन दोन मिनिटं लांबलं असतं तर? क्रिस्टीनेला हे नशीब ठाऊक नव्हतं.

अनुबंध

मग नोराचंच ऐका. ती जाते कुठे? त्या रात्री क्रिस्टीनेकडे. आणि दुसऱ्या दिवशी तिचं सामान बांधायला येणार तीही क्रिस्टीनेच. पत्र पेटीतच राहणार आहे हे नोराला क्रिस्टीनेने स्वतः सांगितलं होतं. तरी इतक्या माणसांत तिने विश्वास ठेवला तो हिच्यावर.

रंगपीठ

पत्र राहणार हे सांगितलं. क्रोगस्टाड ते परत घ्यायला तयार होता आणि मी त्याला अडवलं, हे सांगितलं नाही. संहितेत नोराला ही गोष्ट कुठेच कळत नाही. लपवाछपवी संपली पाहिजे म्हणणारी बाई तेवढी एक गोष्ट स्वतःजवळ ठेवते, आणि नोरा रात्री तिच्याच दारात जाऊन उभी राहणार आहे. ते बोलणं कसं झालं असेल, यावर अनुबंध यांचं मत वाचायला आवडेल.