मदत हवी आहे : जुनी स्लिंगशॉट माउंटन बाइक, फायबरग्लासची पट्टी कशी तपासावी?

नमस्कार मंडळी, मी मिशिगनमध्ये राहतो. इथल्याच ग्रँड रॅपिड्सची एक जुनी स्लिंगशॉट नुकतीच हाती लागली आहे. ज्यांनी ही सायकल पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हिच्या फ्रेमला खालची तिरकी नळीच नाही! तिच्या जागी पोलादी केबल ताणलेली असते आणि पेडलच्या धुऱ्यापाशी तिला एक स्प्रिंग असते. वरची नळी सीटखालच्या नळीला थेट जोडलेली नसते. मध्ये फायबरग्लासची जाड पट्टी असते, तिला इथे 'डॉगबोन' म्हणतात. खड्डा आला की ही पट्टी बिजागरीसारखी वाकते, स्प्रिंग ताणली जाते आणि धक्का जिरतो. मार्क ग्रोएन्डाल यांची ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

अडचण त्या पट्टीचीच आहे. बोल्टच्या भोकांभोवती पांढुरक्या रेषा दिसतात. हे नुसते वरचे रेझिन तडकलेय की आतले धागे तुटलेत, हे कसे ओळखायचे? वाकवून पाहायची हिंमत होत नाही, कारण चालवताना ती तुटली तर फ्रेमच दुमडेल.

केबलही गंजली आहे. शिडाच्या बोटींचे दोर बनवणाऱ्यांकडून स्टेनलेसची करून घेतलेली चालेल का? ताण किती ठेवायचा? मूळ पट्टीच मिळाली तर सोन्याहून पिवळे, पण कुणी जी-१० शीटमधून (फायबरग्लास आणि इपॉक्सीचा कडक पत्रा) कापून घेतली असेल तर जाडी आणि अनुभव जरूर सांगा. तोवर सायकल भिंतीलाच टेकलेली राहील. फोटो पाठवतो.