गवती चहा आणि पुदिन्याचा पाक: सुवास टिकावा आणि साठवणही व्हावी, यासाठी काय करावे?

परसबाग (सातारा)

नमस्कार. आमच्या घरामागे गवती चहाचे चांगले वाढलेले बेट आहे आणि शेजारच्या कुंड्यांमध्ये पुदिनाही भरपूर येतो. उन्हाळ्यात लिंबू सरबत किंवा गार कोरा चहा करताना साखर विरघळेपर्यंत ढवळत बसावे लागते, म्हणून या पाल्याचा स्वाद उतरलेला साखरेचा पाक बाटलीत भरून ठेवावा आणि लागेल तसा पेल्यात घालावा, असा विचार आहे. पाला पाकाबरोबर उकळावा की नंतर घालावा? साखर आणि पाण्याचे प्रमाण किती असावे? साखरेऐवजी आपल्याकडचा गूळ चालेल का, आणि हा पाक किती दिवस टिकेल? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

संगमाकाठ (हरिपूर, सांगली)

पाला उकळू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. गवती चहाचा आणि पुदिन्याचा सुवास पानांतल्या तेलांचा असतो आणि ती तेले वाफेबरोबर सहज उडून जातात. पातेल्यावर झाकण न ठेवता पाला खळखळ उकळला, तर स्वयंपाकघर दरवळते. बाटलीत मात्र गवताची उग्र चव तेवढी उरते.

माझी पद्धत अशी आहे. अर्धा किलो साखर आणि पाव लिटर पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवावे, साखर पूर्ण विरघळून एक उकळी आली की आच बंद करावी. मग गवती चहाची आठ-दहा पाती कात्रीने बोटभर लांबीची कापून त्यात घालावीत आणि घट्ट झाकण ठेवावे. पातीचा बुडाकडचा पांढरट भाग टाकून देऊ नये. तो खलबत्त्यात हलकेच ठेचून घातला, तर त्याचा लिंबासारखा वास पाकात चांगला उतरतो. अर्ध्या तासाने दुहेरी मलमलीच्या कापडातून पाक गाळावा. रात्रभर पाला तसाच ठेवल्याने स्वाद वाढेल असे वाटते, पण प्रत्यक्षात कडवटपणा येतो.

पुदिन्याची पाने नाजूक असतात. ती ठेचली आणि तशीच ठेवली, की पानांतल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) काळी पडतात. त्यासाठी देठ काढून पाने उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावीत, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत आणि पंचावर पसरून कोरडी करावीत. मग कोमट झालेल्या पाकात घालावीत. पानांबरोबर आलेले पाणी पाक पातळ करते, त्यामुळे कोरडे करण्याचा कंटाळा करू नये.

खलबत्ता (मिरज)

वरील प्रमाण योग्य आहे. त्यामागचे कारण सांगतो, कारण औषधनिर्माणशास्त्र शिकवताना याच गोष्टीवर बराच वेळ द्यावा लागतो. इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या मानकांचा अधिकृत भारतीय ग्रंथ, यातील साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते, म्हणजेच दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. इतक्या दाट पाकात पाणी साखरेला बांधलेले राहते आणि बुरशी व यीस्ट यांना वाढीसाठी पुरेसे पाणी मिळत नाही. साखर आणि पाणी समसमान घेतले, तर पाक पातळ आणि कामाला सोपा होतो, पण तो फ्रिजमध्येही तीन-चार आठवड्यांपलीकडे ठेवू नये. दाट पाक त्याहून बराच अधिक टिकतो. मोजणी वाटीने न करता वजनकाट्यावर करावी.

येथे एक अडचण येते. दोनास एक हे प्रमाण नेहमीच्या तापमानाला साखर विरघळण्याच्या जवळजवळ कमाल मर्यादेवर असते. फ्रिजमध्ये ती मर्यादा आणखी खाली येते आणि बाटलीच्या तळाशी खडे धरतात. म्हणून पाक उकळताना त्यात अर्ध्या लिंबाचा रस घालावा. आम्ल आणि उष्णता यांमुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि खडे धरण्याचे प्रमाण कमी होते. लिंबू पाक गार झाल्यावर पिळल्यास हा उपयोग होत नाही. मिठाईसाठी धरतो तशी तार येईपर्यंत मात्र आटवू नये, कारण त्या पाकाची साखर गार झाल्यावर नक्कीच बसते.

बुरशी बहुधा वरच्या थरावर का येते, हेही लक्षात घ्यावे. गरम पाक भरून लगेच झाकण लावले की झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात, ते पाकावर पडतात आणि तेवढाच वरचा पातळ थर सौम्य होतो. बुरशीला तेवढी जागा पुरते. काचेची बाटली दहा मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण कोरडी करावी आणि पाक गरम असतानाच गळ्यापर्यंत भरावा, म्हणजे वर मोकळी जागा फार उरत नाही. बाटली घट्ट बंद करून थोडा वेळ आडवी किंवा उलटी धरावी आणि गार झाल्यावर हलवून घ्यावी. ओला चमचा बाटलीत घालू नये.

गुऱ्हाळवाट (कराड)

गुळाबद्दल लिहितो. गूळ चालतो, पण पुदिन्याला नाही. गुळाचा स्वतःचा स्वाद इतका भारी असतो की पुदिना त्यात हरवून जातो. आले, तुळस, गवती चहा आणि विशेषतः उपळसरी (अनंतमूळ) यांना मात्र गूळ साखरेपेक्षा चांगला साथ देतो. गूळ पाण्यात विरघळवून, एकदा उकळून, वर येणारी मळी काढून गाळावा, कारण त्यात उसाचे बारीक कण असतात.

खरे तर आपल्या भागात इतका खटाटोप करण्याचीही गरज नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस गुळाइतका घट्ट होण्याआधीच उतरवला की काकवी मिळते. ती तयार पाकच आहे. काकवी मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवावी, ठेचलेले आले आणि तुळशीची पाने घालून झाकावी आणि गरम असतानाच गाळावी, कारण गार काकवी कापडातून उतरत नाही.

उपळसरीची रीत पानांच्या उलट आहे. ते मूळ असल्याने नुसते झाकून ठेवल्याने स्वाद उतरत नाही. मुळे ब्रशने घासून धुवावीत, ठेचावीत आणि आतला पांढरा काष्ठभाग काढून टाकावा, कारण सुवास सालीत असतो. ही साल रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी त्याच पाण्यासह झाकून मंद उकळावी, गाळावी आणि मग त्यात गूळ विरघळवावा. वाळ्याची मुळेही भिजवता येतात, पण त्यांतली माती जाईपर्यंत अनेक पाण्यांनी धुवावी लागतात.

परसबाग (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. पुदिन्याच्या पाकात लिंबू घातल्यास पानांचा हिरवा रंग जाणार नाही का? आणि हा पाक दुधाच्या चहात घालता येईल का?

खलबत्ता (मिरज)

रंग जातो. आम्लात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी-पिवळसर होतो. तो पाक बिघडलेला नसतो. हिरवा रंग हवाच असेल, तर पुदिन्याचा पाक लिंबाशिवाय, समसमान प्रमाणात आणि लहान बाटलीत करावा आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा. गवती चहाचा पाक लिंबू घालून दाट करावा. त्यात जपण्यासारखा रंग फारसा नसतोच. दुधाच्या चहासाठी लिंबाशिवायचाच पाक वापरावा आणि तो चहा गाळून झाल्यावर पेल्यात घालावा. दोनास एक प्रमाणाच्या पाकाचा एक चहाचा चमचा गोडीला साधारण तेवढ्याच चमचाभर साखरेइतका पडतो, त्यामुळे मापाचा अंदाज बदलावा लागणार नाही.