मदत हवी आहे: आईची हाडं ठिसूळ झालीत, वावरातलं काम व्यायामात धरायचं का?

माझी आई ५७ वर्षांची आहे. आम्ही केळापूर तालुक्यातले, कापूस-तुरीची कोरडवाहू शेती. पावसाळ्यात अंगणात तिचा पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर यवतमाळच्या डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करायला लावली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आठवड्यातून एकदा हाडांची झीज रोखणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, शिवाय कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सुरू झालं. "रोज भरभर चाला" एवढंच सांगितलं, कसं आणि किती ते विचारायला वेळ मिळाला नाही.

चाळिशीच्या आतच तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, त्यात अंडाशयंही काढली. पाळी इतक्या लवकर गेल्यामुळे हाडांची झीजही लवकर सुरू झाली असणार, असं डॉक्टर म्हणाले. हे तेव्हा कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

आता चालण्याचा विषय काढला की आई म्हणते, "दिवसभर वावरात राबतो मी, मले काऊन पायजे अजून चालनं? बाया हासतीन." तिला काय उत्तर द्यावं कळत नाही. निंदण, वेचणी, सरपण, पाणी, सगळं तीच करते. मग एवढ्या कामानं हाडं का टिकली नाहीत? वाकून काम केल्यानं मणक्याला धोका आहे का? आणि चालायचं कुठे? टिपेश्वरचं वाघांचं जंगल जवळ आहे, पहाटे अंधारात रस्त्यानं तिला एकटीला पाठवायची माझी तयारी नाही. उन्हाळ्यात तर नऊ वाजताच ऊन सोसवत नाही.

आणखी एक. गावातल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं होतं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलो. त्याचा याच्याशी संबंध असेल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरला काम करते. आईंचं काम कमी नाही, पण ते वर्षानुवर्षं त्याच पद्धतीचं आहे आणि हाड नेहमीच्या भाराला सरावतं. त्यात अंडाशयं काढल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक गेलं की हाड झिजवणाऱ्या पेशी भरून काढणाऱ्या पेशींच्या पुढे जातात. नुसत्या कष्टानं ते थांबत नाही, म्हणून गोळी हवीच. गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास चहा नाही आणि आडवं पडायचं नाही. त्या वेळात अंगणात फेऱ्या मारल्या तरी चालतील.

भरभर चालणं हृदयासाठी, दमसासासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी उत्तम. खुब्याच्या हाडाला त्याचा थोडा फायदा होतो, पण मणक्याला एकट्या चालण्यानं फारसं मिळत नाही. म्हणून आठवड्याला १५० मिनिटं चालणं (बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं) आणि निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, टाचा उचलणं. भिंत धरून एका पायावर उभं राहणंही रोज करा. खरी भीती पडण्याची आहे.

वाकण्याबद्दल तुमची शंका बरोबर आहे. कंबरेतून वाकून ओझं उचललं की ठिसूळ मणका दबू शकतो. कापसाचं गाठोडं, पाण्याची गुंडी तिला जमिनीवरून उचलू देऊ नका. गुडघ्यातून खाली बसायचं, ओझं अंगाशी धरायचं. पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन अशी पुढे वाकायची आसनं टाळा. अचानक पाठीत कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली तर एक्स-रे काढा.

फ्लोराइडचं डॉक्टरांना नक्की सांगा. जास्त फ्लोराइडनं हाड घट्ट दिसतं पण कमकुवत असू शकतं, त्यामुळे मणक्याचा आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा येऊ शकतो. मान किंवा पाठ आखडत असेल तर तेही सांगा, आणि पिण्याचं पाणी बदला.

प्रतिसाद:
आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. बचत गटातल्या आम्ही बाया जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात फेऱ्या मारतो, उन्हाळ्यात उजाडल्याबरोबर. एकटी चालली तर लोक बघतात, दहाजणी चालल्या तर कोणी बोलत नाही. तुमच्या गटात विचारून पाहा. आणि स्लिपर नको, बंद पट्ट्याची चप्पल किंवा बूट घ्या.

धागाकर्ती:
दोघींचेही मनापासून आभार. शाळेचं मैदान आमच्या घरामागेच आहे, गटाच्या अध्यक्षताईंशी आज बोलते. एकच विचारायचं राहिलं: मोडलेल्या मनगटात अजून जोर नाही, तर भिंतीचे दंड आत्ताच सुरू करावेत का, की आधी हाताचे वेगळे व्यायाम करून घ्यावेत?