शंभर वर्षं झाली, आता तरी केईएमचं नाव बदला!

डोंबिवलीकर: केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय. इंग्रज राजा एडवर्ड सातव्याची पाटी 2026 मध्येही परळला कशाला? गुलामीची हौस फिटत नाही का आपली?

लालबागचा पोऱ्या: डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. एडवर्ड 1910 लाच वारला, रुग्णालय 1926 चं. पण सोबतच्या गोवर्धनदास सुंदरदास कॉलेजसाठी पैसा देताना विश्वस्तांनी अट घातली होती की डॉक्टर आणि प्राध्यापक भारतीयच हवेत. सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या मोठ्या खुर्च्या तेव्हा गोऱ्यांकडे होत्या. इथे पहिले डीन कोण? जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर! 1968 मध्ये डॉ. सेनांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं तेही इथेच. ही गुलामी?

डोंबिवलीकर: तो पेशंट काही तासांत गेला, हेही लिहा की.

लालबागचा पोऱ्या: जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या बर्नार्डचा पहिला पेशंट तरी कुठे जगला? अठरा दिवस.

दादर पश्चिम: नावाचं सोडा हो. रुग्णालय पालिकेचं, कर भरायचा मुंबईकरांनी आणि केसपेपरच्या रांगेत निम्मा महाराष्ट्र. बाहेरच्यांना वेगळा दर लावा.

माणदेशी: बाहेरचे? गिरण्यांत राबायला सातारा-कोकणातली माणसं चालली, आजारी पडली की बाहेरची? आमच्या अण्णांना तालुक्याच्या दवाखान्यात नुसतं "मुंबईला हलवा" म्हणाले. रात्रभर गाडीत सलाईनची बाटली मी हातात धरून बसलो होतो. केईएममध्ये कुणी गाव विचारलं नाही. अण्णा अजून शेतात जातात.

दादर पश्चिम: अण्णांना आयुष्य लाभो, पण तुमच्या आमदाराला जाब विचारा ना! त्याचं ओझं परळने का वाहायचं?

निवृत्त सिस्टर: दुसऱ्या एका पालिका रुग्णालयात माझी नोकरी झाली. रात्रपाळीला एकटीने अख्खा वॉर्ड, दोन खाटांमध्येही गादी. त्या गादीवरचा बहुतेक वेळा मुंबईचाच असायचा. नर्सेसच्या जागा भरा, मग गावं मोजा. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या केईएमच्याच नर्स अरुणा शानबागला 42 वर्षं तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं, वेगळा दर लावून नव्हे.

दादर पश्चिम: सिस्टर, भावनेवर बजेट चालत नाही. जागा भराव्यात, एवढं मान्य.

माणदेशी: उपकार झाले. आणि या हिशोबाने धागा काढणारे डोंबिवलीकरही बाहेरचेच!

डोंबिवलीकर: मला मध्ये ओढू नका. मी नावाबद्दल बोलत होतो. बरं, एवढं कौतुक आहे तर जीवराज मेहतांचं द्या.

लालबागचा पोऱ्या: गुजरातच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचं नाव? परळला? तुम्हीच या पाटी लावायला, आम्ही शिडी धरतो.