मदत हवी आहे: शैवालाच्या विषाने शिंपल्याला स्वतःला काय होतं?

नमस्कार मंडळी,

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष. सेमिनारला विषय घेतलाय सूक्ष्म शैवालाची विषं आणि मसल शिंपले. (मसल म्हणजे शिणाणे, खडकाला धाग्यांनी चिकटून राहणारे लांबट शिंपले.) पंधरा दिवस वाचतेय आणि एका जागी पुरती अडकलेय.

जे हाती लागतं ते सगळं माणसाबद्दल. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं मसल खाऊन आजारी पडली, एक खलाशी दगावला. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाकडच्या मसलमुळे शंभरावर लोक आजारी पडले, काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली, तेव्हा त्यामागे डोमोइक आम्ल हे शैवालाचं विष असल्याचं कळलं. मग येतात खायच्या शिंपल्यांतल्या विषाच्या मर्यादा: सॅक्सिटॉक्सिन (चेतासंस्थेवर परिणाम करणारं शैवालाचं विष) किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम, डोमोइक आम्ल २० मिलिग्रॅम. हे महत्त्वाचं आहेच, लोकांचे जीव गेलेत. पण या सगळ्यात शिंपला म्हणजे नुसतं भांडं. विष आत आलं, साठलं, पुढे गेलं. त्या भांड्यालाही जीव आहे, त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

मार्गदर्शकांचं म्हणणं, "मसलला काही होत नाही, तो फक्त वाहक." मला ते पटत नाही. अलेक्झांड्रियम (सॅक्सिटॉक्सिन बनवणारं सूक्ष्म शैवाल) पाण्यात आलं की काही मसल कवच मिटून घेतात, पाणी गाळण्याचा वेग उतरतो, चिकटून राहायचे धागेही कमी तयार होतात, असं मी वाचलंय. लाटांच्या माऱ्यात जगणाऱ्या प्राण्याची पकडच ढिली पडत असेल तर त्याला "काही होत नाही" कसं म्हणायचं? दुसरीकडे तोच मसल काही दिवसांत ढीगभर सॅक्सिटॉक्सिन साठवतो आणि पाणी स्वच्छ झालं की काही आठवड्यांत बरंचसं बाहेरही टाकतो. कवच मिटून बसला असेल तर इतकं विष आत गेलं कधी?

आणि खरी अडचण पुढेच आहे. गाळण्याचा वेग उतरला तो विषामुळे, की पेशींच्या गर्दीमुळे, की चव नकोशी वाटून त्याने स्वतःच तोंड मिटलं म्हणून? हे वेगळं कसं काढतात? जाणकारांनी कृपया सांगावं. सेमिनार पुढच्या महिन्यात आहे, पण उत्तर मला त्याच्याशिवायही हवंय.

प्रतिसाद १

प्रश्न फार चांगला आहे. मार्गदर्शक अर्धे बरोबर आहेत, आणि कोणत्या अर्ध्यात ते आधी बघू.

सॅक्सिटॉक्सिन चेतापेशींच्या सोडियम वाहिन्या (संदेश वाहण्यासाठी लागणारी पेशीवरची दारं) बंद करतं. मसलच्या चेतातंतूंवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो, म्हणून आपल्याला मारेल इतकं विष अंगात घेऊन तो जिवंत राहतो. प्रत्येक शिंपल्याचं असं नसतं. माया अरेनारिया या वाळूत पुरून राहणाऱ्या शिंपल्यावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम जरूर वाचा. जिथे विषारी शैवालाचे बहर (अचानक झालेली बेसुमार वाढ) वारंवार येतात तिथल्या शिंपल्यांच्या सोडियम वाहिनीत एकच अमिनो आम्ल बदललेलं आढळलं, आणि तेवढ्याने विषाची तिथली पकड सुमारे हजारपट कमी झाली. ज्या शिंपल्यांनी असे बहर पाहिलेच नव्हते, ते विष पोटात गेल्यावर लुळे पडले, वाळूत शिरता येईना. म्हणजे विष शिंपल्यांनाही बाधतं, इतकं की त्यातून कोण टिकणार हे ठरतं. मला तर या विषयातला हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो.

पण चेतासंस्था म्हणजे सगळा प्राणी नव्हे. विषाचा मोठा वाटा पचनग्रंथीत साठतो. तिथे दाह होतो, रक्तपेशी गोळा होतात. डायनोफायसिस या दुसऱ्या शैवालाचं विष, ओकाडेइक आम्ल, सोडियम वाहिन्यांच्या वाटेला जात नाही, ते प्रथिनांवरचा फॉस्फेट काढणारी विकरं अडवतं. गोड्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शैवालाचं मायक्रोसिस्टिनही तेच करतं. मसल ओकाडेइक आम्लाला मेदाम्लं जोडून त्याचं रूप पालटतो, मायक्रोसिस्टिनला ग्लुटाथायोन (पेशीतला एक छोटा रेणू) जोडतो. या कामाला ऊर्जा लागते, आणि ती वाढीतून आणि प्रजननातून वळवली जाते. मसल मरत नाही, पण किंमत मोजतो. अळ्यांना तर एवढीही ऐपत नसते, त्या पटकन मरतात.

"विष आत गेलं कधी" याचं उत्तर: सगळे मसल मिटून बसत नाहीत, आणि मिटलेलेही कायम मिटलेले राहत नाहीत.

प्रतिसाद २

कारण वेगळं काढण्याबद्दल लिहितो, कारण मी स्वतः यात एक वर्ष घालवलंय.

नुसतं "विषारी शैवाल" विरुद्ध "नेहमीचं खाद्य" अशी तुलना करू नका. पेशीचा आकार, पोषण, चव, सगळंच बदलतं आणि निष्कर्ष हातातून निसटतो. अलेक्झांड्रियमचे सॅक्सिटॉक्सिन न बनवणारे वाणही असतात. तोच आकार, पाण्यात पेशींची तीच संख्या, फक्त विष नाही, अशी तुलना हवी. एवढ्यावरही थांबू नका. अलेक्झांड्रियम पाण्यात इतर द्रव्यंही सोडतं, जी पेशींची आवरणं फोडतात, आणि त्यांचा सॅक्सिटॉक्सिनशी संबंध नाही. सॅक्सिटॉक्सिन न बनवणाऱ्या वाणातही ती असू शकतात. म्हणून तिसरा गट ठेवा: पेशी गाळून काढलेलं नुसतं पाणी. त्यातही कल्ल्यांना इजा झाली, तर दोष सॅक्सिटॉक्सिनच्या माथी मारता येणार नाही.

विष्ठा आणि गाळून परत टाकलेला चिकट गाळ वेगवेगळा गोळा करा. झेब्रा मसल (गोड्या पाण्यातला शिंपला) मायक्रोसिस्टिस हे मायक्रोसिस्टिन बनवणारं निळं-हिरवं शैवाल तोंडाशीच वेचून असा गाळात बाहेर टाकतो, गिळत नाही. तिथे गाळण्याचा वेग बघून "खाल्लं" असं लिहिलंत तर चूक होईल. अलेक्झांड्रियमच्या पेशी तर मसलच्या आतड्यातून जिवंतही बाहेर पडतात, तेव्हा विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माया अरेनारियाचा भाग वाचून पहाटेपर्यंत झोप लागली नाही. सेमिनारचं शीर्षक आता "मसल: वाहक की बाधित?" असं करतेय, आणि मार्गदर्शकांना उद्या तीन गटांचा आराखडा दाखवणार आहे.

प्रतिसाद २ साठी एक शंका: गाळलेल्या पाण्याच्या गटात मसलला खायला काहीच नसेल, तर उपाशी राहिल्यामुळेही वेग बदलेल ना? त्या गटात निरुपद्रवी शैवाल घालायचं, की सगळ्याच गटांत थोडं थोडं?