मदत हवी आहे: भुताचा रकाना कशाने भरू?

मंडळी, ऑक्टोबरच्या वाचन-आव्हानात चार रकाने आहेत, प्रत्येकात त्या पात्राचं एक पुस्तक भरायचं: व्हॅम्पायर, वेअरवुल्फ (माणसाचा लांडगा होणारा), चेटकीण, भूत. अट एकच, प्रेमकथा त्याच पुस्तकात तडीस गेली पाहिजे. घोळ इथेच होतो. अर्बन फँटसीत (शहरात घडणाऱ्या जादूच्या कथांत) बहुधा तीच नायिका भागामागून भाग चालते, जोडी जमायला वेळ लागतो. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये (अमानवी पात्रांच्या प्रेमकथांत) सहसा दर भागाला नवी जोडी, त्यामुळे मधलाच भाग उचलला तरी चालतं. चेटकिणीसाठी २०११चं ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ बाद करावं लागलं, गोष्ट पुढच्या भागात जाते.

भुताचं काय करू? नारायण धारप अफाट, पण त्या भयकथा, प्रेम दुय्यम. हडळ, मुंज्या किंवा यक्षिणी असलेली, २००-२५० पानांत संपणारी मराठी प्रेमकथा सुचवा ना! अप्पा बळवंत चौकात मिळणारी असेल तर फारच बरं.